बिनलोण्याची रताळी

गुजरातेत, डुंगरीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून छनीफोईचं छप्पर आहे. तिथं थांबणाऱ्याने काय वाटेल ते बोलावं, सरकारला शिव्या द्याव्यात, फोईच्या तोंडावर फोईच्या चुका काढाव्यात. एक गोष्ट मात्र करू नये. विस्तवातल्या मडक्याकडे बघून "झालं का?" असं विचारू नये. विचारलं की आतलं कच्चं राहतं, हा फोईचा ठाम सिद्धांत. सुरतेच्या एका जाडजूड शेठने एकदा विचारलं, तर फोईने त्याला चिमटा दाखवत त्याच्याच गाडीत नेऊन बसवलं, काचा वर करायला लावल्या आणि सगळ्यांचं खाऊन झाल्यावर त्याला वाढलं. पुढच्या हिवाळ्यात तो शेठ परत आला, तो तोंडाला रुमाल बांधूनच बसला. भूक माणसाला काय काय शिकवते.

फोई म्हणजे आपली आत्या. पण छनीबेन पटेल ही साऱ्या फळियाचीच, म्हणजे अख्ख्या आळीचीच, फोई झालेली होती. साठी उलटलेली, अंगाने काटकुळी, आवाज मात्र असा की रेल्वेच्या रुळांपलीकडची माणसं दचकावीत. हिवाळा लागला की ती उंबाडियुं लावायची. आपल्याकडे कोकणात पोपटी लावतात, तिची ही गुजरातेतली मावसबहीण म्हणा. फक्त हिच्यात कोंबडी-अंडं काही नाही, निव्वळ जमिनीतलं आणि वेलीवरचं. मडक्याच्या तळाशी कलारचा उग्र वासाचा पाला, त्यावर कोनफळाचे तुकडे, बटाटे, सुरती पापडी आणि मधे मधे रताळी. मडक्याचं तोंड पाल्याने गच्च चोंदायचं, मडकं उपडं घालायचं, वरून उसाचं पाचट, आंब्याची वाळकी पानं, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. मग वाट बघायची, तोंड मिटून.

छपरावर पाटी होती. फोईच्या नवऱ्याने, भगुकाकाने, जाण्याआधी स्वतःच्या हाताने रंगवलेली. 'तेलाचा थेंब नाही, पाण्याचा टिपूस नाही.' उंबाडियुंची सगळी अब्रू याच्यातच. जे काही शिजायचं ते स्वतःच्या रसात शिजायचं.

आता फोईची रताळी. ती उभी चिरायची, पण आरपार नाही. चिरेत ओल्या लसणीची पात, कोथिंबीर, आलं, मिरची, ओवा आणि दाण्याचं कूट असं हिरवंगार वाटण अंगठ्याने दाबून भरायचं आणि चीर मिटवून टाकायची. हे सगळेच करतात. समोरच्या छपरातला धनसुखही करायचा. रताळी त्याच शेतातली, पाला त्याच बांधावरचा, तरी धनसुखची रताळी घशात जाऊन बसायची आणि ताकाचा पेला ओतल्याशिवाय हलायची नाहीत. फोईची जिभेवर ठेवली की संपली. लोक म्हणायचे, फोईच्या हाताला चव आहे. फोई मान खाली घालून म्हणायची, "देवाची दया."

देवाची दया रेवा नावाच्या म्हशीच्या पोटी जन्माला येत होती. भगुकाका गेला त्या हिवाळ्यात फोईने एकटीने पहिलं मडकं लावलं तेव्हा ती नुकतीच ताक घुसळून उठली होती, हाताला लोणी होतं, तसंच ते रताळ्याच्या चिरेत गेलं. खाणाऱ्यांनी बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी फोईने हात धुतले, तर खाणारे म्हणाले, कालची गंमत नाही. तेव्हापासून पाल्याच्या ढिगामागे एक झाकलेला लोटा असायचा आणि रताळी भरायचं काम फोई रस्त्याकडे पाठ करूनच करायची. पाटीखाली बसून लोणी भरायचं म्हणजे काळीज हवं. ते फोईकडे होतं. पण रात्री देवासमोर दिवा लावताना ती भगुकाकाच्या तसबिरीकडे बघायचं टाळायची, तेही खरं.

फोईला मूलबाळ नव्हतं. आईवेगळ्या भाच्याला, भावाच्या केतनला, तिनेच लहानाचं मोठं केलं. तो शिकला, विलायतेत लेस्टरला गेला, तिथंच एका मुलीशी लग्न केलं. फोईने लग्न फोनवर पाहिलं. तिला सगळ्यांची कपाळंच तेवढी दिसली. आणि या जानेवारीत, उत्तरायणासाठी, म्हणजे आपल्या संक्रांतीला, केतन बायकोला घेऊन येणार होता. फोईने घर सारवलं, रेवाला घासून आंघोळ घातली, आणि आतून मात्र ती पुरती धास्तावली. सुनेने एकदा नाक मुरडलं की केतनचं येणं आधी दोन वर्षांनी, मग पाच वर्षांनी, आणि मग नुसतंच फोनवर कपाळ. हे तिला लख्ख दिसत होतं.

सून आली. मीरल नाव. केस कानापर्यंत, पायात भलेमोठे बूट, आणि बोलायला लागली तर काय, ऐंशी वर्षांच्या म्हातारीची भाषा. तिथं जन्मलेली पोर, गुजराती शिकली ती फक्त आजीकडून.

"फोई, पाया पडते गो. जिवाला बरं आहे ना? गुडघे काय म्हणतात?"

फोई बघतच राहिली. "माझे गुडघे बरे आहेत. तुझे?"

"कुरकुरतात हो थंडीत," मीरल म्हणाली आणि ओट्यावर मांडी घालून बसली.

फोईला पोरगी तिथंच आवडली. तिने चहा आणला. मीरलने हात जोडले. "माझा चहा बिनदुधाचा हं, फोई. रागावू नको."

केतनने घसा खाकरला. "फोई, तुला फोनवर सांगायचं राहिलं. मीरल जनावराचं काही खात नाही."

"आपण तरी कुठं खातो?"

"तसं नाही. दूध नाही, तूप नाही, ताक नाही, दही नाही. मधसुद्धा नाही."

"मध कुठल्या जनावराचा?"

"माशीचा, फोई," मीरल म्हणाली. "बिचारी राबते, आणि आपण लुटतो."

फोईने चहाचा पेला परत उचलला. "मग ही खाते काय, वारा?"

"तुझं उंबाडियुं," केतन हसून म्हणाला. "मी तिला केव्हाच सांगून ठेवलंय. तेल नाही, तूप नाही, दूध नाही. सगळ्या जगात हिच्यासाठीच केल्यासारखं एकच जेवण आहे, आणि ते माझी फोई करते."

मडकं तर सकाळीच, नेहमीसारखं लोणी घालून, भरून झालं होतं. संध्याकाळी फोईने ते जाळातून काढून ओतलं, आणि मीरलने एकापाठोपाठ चार रताळी खाल्ली. डोळे मिटून खाल्ली. मग फोईचा हात धरला आणि म्हणाली, "फोई, कुठल्याही जनावराच्या लेकराच्या तोंडचं न काढता असं मऊ जेवण होतं, हे मी आता तिकडे सगळ्यांना सांगेन." फोईने हात सोडवून घेतला आणि पाल्याच्या ढिगामागे जाऊन उगाच पाला खालीवर करत बसली. लोट्याकडे बघवेना.

सांगून टाकावं, असं तिला त्याच क्षणी वाटलं. पण समोर धनसुख दात कोरत उभा होता. सांगितलं तर पाटी जाईल, नाव जाईल, आणि सून तर पहिल्या दिवशीच जाईल. फोईने ठरवलं, सांगायचं नाही. उद्यापासून लोणी बंद. झालं गेलं गंगेला मिळालं.

दुसऱ्या दिवशी बिनलोण्याचं मडकं निघालं. गिऱ्हाईक एक घास खाऊन थांबे, पाणी मागे. धनसुख मुद्दाम रस्ता ओलांडून आला, एक रताळं चघळलं आणि चेहरा अगदी दुःखी केला.

"भाभी, बरं नाही का तुम्हाला? आज रताळी माझ्यासारखी झालीत."

"तुझ्यासारखी असती तर बोलत बसली असती. निघ."

हे फोईने सोसलं असतं. पण मीरल हळूच म्हणाली, "कालची काही निराळीच होती गो, फोई. आज हात कुठं होता तुझा?" फोईची जात अशी की शिवी चालेल, पण रताळ्याला नाव ठेवलेलं खपायचं नाही. तिसऱ्या दिवशी लोणी परत आलं, जरा जास्तच आलं. मीरलने पाच खाल्ली. आणि फोई रात्रभर कूस बदलत राहिली.

वर आणखी एक भानगड झाली. मीरलला रेवाचा लळा लागला. रोज सकाळी ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या कपाळावर हात फिरवत इंग्रजीत बोलत बसायची, आणि रेवा, जिने आजवर फोईचंसुद्धा नीट ऐकलं नव्हतं, ती डोळे मिटून ऐकायची.

"फोई, हिच्या दुधाचं काय करता?"

"चहा," फोई म्हणाली.

"एवढ्याचा चहा?"

"आम्ही फार चहा पितो." आणि फोई खरंच तिच्यादेखत लागोपाठ दोन पेले चहा प्यायली. खोटं निभवायला पित्त झालं तरी चालेल.

उत्तरायणाला सगळं फळिया फोईकडे जेवतं, ही रीतच. त्या दिवशी सगळ्यांना नेहमीची रताळी हवीत आणि मीरलच्या पानात मात्र बिनलोण्याची. वेगळं मडकं लावलं तर लोक विचारणार, का? धनसुखला तेवढंच पुरे. तेव्हा फोईने डोकं लढवलं. मीरलची रताळी खोबरं आणि तीळ वाटून भरली, आणि ती मडक्याच्या अगदी तळाशी घातली. मडकं उपडं झालं की तळ वर येणार, म्हणजे लोणी खाली ठिबकेल आणि पोरीच्या रताळ्यांना लागणार नाही. आणि ओळखायला खूण म्हणून बिनलोण्याच्या रताळ्यांना पांढरा दोरा बांधला, लोण्याच्यांना पूजेचा लाल. स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की त्या दिवशी तिने धनसुखलाही "ये जेवायला" म्हटलं. तो घाबरला, पण आला.

गच्च्यांवर पतंगांचा नुसता गोंगाट चालला होता. अंगणात पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. फोईने ओलं पोतं धरून मडकं बाहेर ओढलं, तोंडावरचा पाला काढला आणि सगळं चटईवर ओतलं. वाफ ओसरली, आणि फोईचा चेहरा पडला.

लाल दोऱ्याचा रंग सुटला होता आणि पांढऱ्याने तो पिऊन घेतला होता. वर कलारच्या पाल्याचा रस, वर हिरवं वाटण. चटईवरची सगळी रताळी एकाच मातकट दोऱ्यात बांधलेली, एकजात सारखी. इतकी वर्षं मडकं लावणाऱ्या बाईला मडक्यात रंग टिकत नाही हे कळू नये? कळलं असतं, पण मडक्यात खूण करायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. आजवर सगळी रताळी तिची होती आणि सगळी सारखी होती.

फोई उकिडवी बसली. एक रताळं उचलून हुंगलं, खाली ठेवलं. दुसरं दाबलं. तिसरं कानाजवळ नेऊन हलवलं. सारं फळिया हात आवरून बघत होतं.

"भाभी रताळ्यांची नाडी बघतायत," धनसुख म्हणाला.

"वाढ की, फोई," केतन म्हणाला. "भूक लागलीय."

आणि मीरलने वाट न बघता सरळ हात घातला, एक रताळं घेतलं, दोरा सोडला आणि तोंडाशी नेलं. फोईला पुढचं काही सुचलं नाही. तिने चिमटा उगारला आणि सुनेच्या हातातलं रताळं उडवलं. ते जाऊन धनसुखच्या मांडीवर पडलं. तो ओरडला.

"ते खाऊ नको," फोई म्हणाली. "त्यात लोणी असेल. नसेलही. मला कळत नाहीये."

"कसलं लोणी?" मीरलने विचारलं.

"रेवाचं." मग फोई थांबली नाही, एका दमात सगळं बोलून गेली. "पहिल्या दिवशी होतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं. नंतर रोज होतं. तू आलीस त्याच्या आधीपासून, आमचे हे गेल्यापासून रोज आहे. पाटी आहे, आणि पाटीखाली बसून मी लोणी भरते. झालं, आता सगळ्यांनी ऐकलं. ज्याला उठून जायचं त्याने उठून जा."

कुणी उठलं नाही. सोमीमासी म्हणून फळियातली सगळ्यांत म्हातारी बाई होती, ती तोंडातली सुपारी गालात सारून म्हणाली, "हे सांगायला तू रताळी थंड करत होतीस होय? वास रस्त्यापर्यंत येतो छने. आम्ही काय नाकं घरी ठेवून यायचो?"

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"फळियाला ठाऊक, सुरतेच्या शेठला ठाऊक," सोमीमासी म्हणाली. "तू पाठ करून बसायचीस, तर म्हटलं बसू दे बाई."

फोईने धनसुखकडे बघितलं. आता हा डाव साधणार. धनसुख मांडीवरचं रताळं सोलत होता. "पाटीवर तेल लिहिलंय, पाणी लिहिलंय," तो म्हणाला. "लोण्याचं भगुभाईने काही लिहिलेलं नाही. मी रोज वाचतो ना, समोरच तर आहे." त्याने घास घेतला. "हे लोण्याचं आहे, भाभी. पोरीला देऊ नका."

लोक हसले. फोईला हसू येईना, कारण मीरल हसत नव्हती. ती पत्रावळीवरून उठली, बूट न घालताच गोठ्याकडे गेली. संध्याकाळपर्यंत आली नाही. केतन दोनदा जाऊन आला.

"रागावलीय," तो म्हणाला.

"लोण्यासाठी रागवायलाच हवं."

"लोण्यासाठी नाही, फोई. तू तिला सांगितलं नाहीस म्हणून. म्हणते, फोई माझी झाली असं वाटलं होतं."

फोईने त्या रात्री चूल पेटवली नाही. तीस-चाळीस माणसांसमोर नाक कापलं गेलं होतं, त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं, याचंच तिला नवल वाटलं. तिला लागून राहिलं होतं ते केतनने सांगितलेलं ते एक वाक्य.

दुसरा दिवस शिळ्या उत्तरायणाचा. गच्च्यांवर पुन्हा तोच आरडाओरडा. फोई पाला आणायला छपराशी आली, तर मीरल तिथं बसलेली. पुढ्यात रताळी, हातात सुरी, आणि पाल्याच्या ढिगामागचा लोटा रिकामा करून, घासून, उपडा ठेवलेला.

"लोणी कुठं गेलं?" फोईने विचारलं.

"धनसुखकाकांना दिलं. ते म्हणाले, बघतो एकदा तरी कशी लागतात." मीरलने वर बघितलं नाही. "मला सांगायचंस ना गो, फोई. पहिली चार पोटातून निघाली नसती. पण पाचवं तरी मी खाल्लं नसतं."

"चुकले," फोई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून फळियात कुणी ऐकला नव्हता. ऐकायला तिथं कुणी नव्हतंही. "तू जाशील असं वाटलं."

"मी कुठं जाते? माझं रताळं अजून भरायचंय." मीरलने सुरी पुढे केली. "आरपार कापलं जातंय माझ्याकडून. दाखव."

फोई बसली, रस्त्याकडे तोंड करून. खोबरं, तीळ, दाण्याचं कूट, लसणीची पात. मीरल भरत गेली, फोई नुसती बोटाने दाखवत गेली, आणि बोलायचं टाळण्यासाठी दोनदा खोकली. मडकं मीरलनेच भरलं, मीरलनेच उपडं घातलं, पाचट रचताना भुवई जाळून घेतली. जाळ पेटला. हळूहळू फळियातली माणसं जमा झाली, म्हणजे भूक लागली होती असं नाही, पुढं काय होतंय ते बघायला. धनसुखही आला. लोण्याची रताळी लावून तो स्वतःवर फार खूश होता.

सगळे गप्प बसले होते. जाळ अजून पुरता खाली बसलाही नव्हता. मीरल मडक्याभोवती एक फेरी मारून आली, दुसरी मारून आली, आणि कुणी तिला कधीच सांगितलं नसल्यामुळे अगदी सहज म्हणाली, "फोई, झालं का?"

केतनने डोळे मिटून घेतले. सोमीमासीने पदर तोंडात कोंबला. धनसुख दोन पावलं मागे सरकला, कारण चिमटा फोईच्या हातातच होता.

फोईने जाळाकडे बघितलं. आत काय अवस्था असेल ते तिला इथून दिसत होतं. मग ती सुनेकडे बघत म्हणाली, "बघ की काढून."

मडकं काढलं. मीरलने पाला ओढला, एक रताळं पत्रावळीवर ठेवून फोईपुढे धरलं आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. फोईने ते उचललं आणि चावलं. कच्चा मुळा चावल्यासारखा असा आवाज झाला की तो शेवटच्या माणसालाही ऐकू गेला. फोईने सावकाश चावून चावून तो घास गिळला. दुसरा घास घेतला. तोही वाजला.

"झालंय," फोई म्हणाली. "वाढ सगळ्यांना."

मग सगळ्यांनी खाल्लं. अंगणभर कडाम कुडुम चाललं होतं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं, आणि धनसुखने दुसरं मागून घेतलं.